बाकीचे सात सिलिंडर

गॅरेजच्या दारात गाडी आली की बंदेनवाज मिस्त्री आधी तिच्याकडे पाठ फिरवतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा कशावर तरी रुसलाय. पण ते डोळे मिटून उभे असतात.

"तोंडावर समदेच गोड बोलत्यात," ते म्हणतात, "पाठ फिरवली की गाडी खरं सांगती."

ही सवय आली एका जुन्या प्रकरणातून. आता प्रकरण म्हटल्यावर गल्ली कान टवकारणारच. पण ते त्यांच्या बायकोला, कमरुन्निसाभाभींनाही ठाऊक आहे आणि त्यांनी चव्वेचाळीस वर्षं ते सोसलंय. एक्क्याऐंशी साली विशीतले मिस्त्री चादरींचा ट्रक घेऊन मद्रासला निघाले होते. शहराच्या अलीकडे शोलावरमला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. शेजारच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत चाललेली. मिस्त्री ट्रकखाली उताणे पडून पाटा बदलत होते, तेवढ्यात विलायतेहून आणलेली कुणा हौशी माणसाची आठ सिलिंडरची गाडी तिकडून गेली. हातातला पाना छातीवर पडला. बाहेर येईपर्यंत गाडी गायब. म्हणजे जिच्यावर जीव जडला, तिचं तोंडही पाहिलं नाही. नुसता आवाज ऐकला.

तेव्हापासून लोकांच्या मोबाईलवर कव्वाली असते, तर मिस्त्रींच्या मोबाईलवर शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं.

"अजी, वो बंद करो," भाभी स्वयंपाकघरातून म्हणतात, "दूध फट जाएगा."

आवाजावरून ते शर्यतीच्या गाडीचं साल सांगतात. पूर्वी इंजिन बैलासारखं पुढं असायचं, मग ते ड्रायव्हरच्या पाठीमागं गेलं. मग गाड्यांना पंख फुटले, तेही उलटे, उडण्यासाठी नव्हे तर रस्त्याला चिकटण्यासाठी. कधी बारा सिलिंडर, कधी मिनिटाला एकोणीस हजार फेरे घेणारे दहा, मग आठ. आता सहाच, जोडीला टर्बो आणि बॅटरी. गाड्या कमी पेट्रोलमध्ये जास्त पळतात, ड्रायव्हर अपघातातून चालत बाहेर येतात, हे मिस्त्री मान्य करतात. पण लगेच म्हणतात, "धुरानं टर्बोचं चाक फिरवायचं म्हनल्यावर त्याचा दम तितंच जातुया. वरडायला काय उरतंय?"

नात हुस्ना इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा मिस्त्रींना वाटलं, देवानं ऐकलं. कॉलेजची मुलं दरवर्षी स्पर्धेसाठी रेसची छोटी गाडी बांधतात. गेल्या वर्षी तिच्यात मोटारसायकलचं एक सिलिंडरचं इंजिन होतं आणि ते मिस्त्रींनीच लावून दिलं होतं. यंदाही बोलावणं येईल म्हणून दिवाळीपासून त्यांनी हत्यारं पुसून ठेवली होती. हुस्ना आली की एकच प्रश्न.

"इंजिन आलं का गं?"

"आएगा, नाना," म्हणून ती चहाचा कप घेऊन आत सटकायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तिनं त्यांना शहराबाहेर, कुंभारीच्या पुढं नेलं. तिथं प्लॉट पाडून ठेवलेत, डांबरी रस्तेही आहेत, फक्त घरं नाहीत. मिस्त्रींच्या अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, खिशात लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. नवरदेव इतका नटत नाही. कॉलेजची मुलं गाडीभोवती जमली होती, गाडीवर ताडपत्री होती. मिस्त्रींनी ती काढायची वाटच पाहिली नाही. रस्त्याकडं पाठ फिरवली, डोळे मिटले.

वारा होता. कुठंतरी टिटवी ओरडली. लांब कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर बारीक आवाजात चालू झाली, जवळ आली, दूर गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मिस्त्री उभेच. पाच मिनिटं गेली.

"अगं, चालू करा की," ते म्हणाले. "आन् त्या विहिरीवाल्याला जरा थांब म्हनावं."

हुस्ना दोन पावलं पुढं आली.

"नाना," हुस्ना हळू आवाजात म्हणाली, "तीन चक्कर हो गए."

मिस्त्री वळले. गाडी समोर उभी होती. ड्रायव्हर उत्कर्षा हेल्मेट काढून मान खाली घालून बसलेली. मागं इंजिन नव्हतं. बॅटरीची पेटी होती आणि एक मोटर.

"बोलनेकु हिम्मत नै हुई," हुस्ना म्हणाली.

मिस्त्रींनी चाकं जमिनीवरून उचलायला लावली आणि मोटर हळू फिरवायला सांगितली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला, लाकडी मूठ कानाला. वैद्य नाडी बघतो तसे बराच वेळ वाकून राहिले.

"क्या बोलती, नाना?"

"तब्येत एक नंबर हाय. बेरिंग मस्त. जिंकशीला बग." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर सदऱ्यालाच पुसला. "पर ही सोताशीच गुणगुणती, पोरी. मला हाक न्हाय मारत."

मग त्यांनी विचारलं, "गेल्या सालचं इंजिन कुटं हाय?"

ते कॉलेजच्या अडगळीत होतं. हुस्नानं सरांकडून मागून आणलं. आता ते गॅरेजमध्ये लोखंडी घोडीवर बसवलंय. दर रविवारी सकाळी मिस्त्री ते चालू करतात आणि पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करतात. गल्लीला वाटतं, म्हातारा एका सिलिंडरवर खूश आहे. तसं नाही. एक सिलिंडर वाजतो, बाकीचे सात ते मनानं मिळवत असतात. कधी पाचापर्यंत जमतं, कधी सहापर्यंत.

कमरुन्निसाभाभी मात्र हल्ली रविवारी दूध आधीच उतरवून ठेवतात आणि खिडकी उघडी ठेवतात.