सहाची नोंद, चार वीसला

चार्टवर संध्याकाळी सहाची नोंद होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

हॉस्पिटल घणसोलीतलं, मध्यम आकाराचं. मी डॉक्टर आहे, पण तिथे उपचारासाठी गेले नव्हते. सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीत मी ऑडिटर आहे. योजनेत हॉस्पिटलला प्रत्येक उपचारामागे ठरलेली रक्कम मिळते. तिला पॅकेज म्हणतात. पेशंटला एचडीयूत, म्हणजे आयसीयू आणि साध्या वॉर्डच्या मधल्या विभागात, जास्त दिवस ठेवायचं तर रोज मंजुरी लागते. ती नाकारली की पेशंट बहुधा त्याच दिवशी साध्या वॉर्डात जातो.

बेड चारवर मारुती शेलार होते. मार्केटात माथाडी, राहायला दिघ्यात. न्यूमोनियाचा चौथा दिवस. चार्टवर रक्तातला ऑक्सिजन दोन दिवस सत्त्याण्णव. दहाला, दोनला, सहालाही. आमचे टीम लीड नाईक यांनी सकाळीच सांगितलं होतं, पेशंट बरा दिसतोय, उगाच बेड अडवलाय, आज बंद करून या. चार्ट बघून माझंही तेच मत झालं होतं. नकाराचा शेरा मी अर्धा टाइपही केला होता. मग घड्याळाकडे लक्ष गेलं.

शेलारांची बायको उशाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, सकाळपासनं धाप लागतीया त्यांना. सांगायला गेलं तर म्हणत्यात, आकडा चांगला हाय."

सहा बेडला मॉनिटर दोनच होते. ते दुसरीकडे लावलेले. मी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मागितलं. आकडा आला चौऱ्याऐंशी.

"हात गार असेल. दुसरं बोट घ्या," मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. देसाई म्हणाले.

दुसऱ्या बोटावर त्र्याऐंशी. देसाईंनी स्वतःच ऑक्सिजन वाढवला आणि पोर्टेबल एक्स-रे मागवला. शेलार डोळे मिटून पडले होते. बायको प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. फिल्ममध्ये उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. पावणेसहाला नळी टाकून ते काढायला सुरुवात झाली. साध्या वॉर्डात गेले असते तर रात्रभर कुणी आकडा पुन्हा बघितला असता का, हे मी देसाईंना विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगू? नाही."

चार्ट शिल्पा सिस्टरच्या अक्षरात होता. मी त्यांना बाजूला घेतलं. त्या रडल्या नाहीत, नाकबूलही झाल्या नाहीत. दोनचा आकडा सहाच्या रकान्यात त्या रोज आधीच उतरवत. दोनचाही त्या दिवशी सकाळवरूनच उतरवला होता.

"का?"

"मॅडम, पाचच्या आत दिवसाचा पूर्ण चार्ट अपलोड नाही झाला, तर तुमच्याकडनंच क्वेरी येते. अपूर्ण चार्ट म्हणून. मग क्लेमचे पैसे अडकतात आणि आमचा पगार थांबतो."

मी लॅपटॉप उघडला. या हॉस्पिटलला अशा तीन क्वेरी गेल्या होत्या. दोनखाली माझं नाव होतं.

रिपोर्टमध्ये मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. नोंदी खोट्या आहेत. आणि सहाची नोंद पाचला मागणारे आपण आहोत.

नाईकांचा फोन आला. "दुसरा मुद्दा काढा. आपलं नाव कशाला घालता त्यात?"

"सर, क्वेरीवर ते आधीच आहे."

मुद्दा राहिला. एचडीयूचे दिवस मंजूर झाले. शेलार नवव्या दिवशी चालत घरी गेले. हॉस्पिटलला दंड झाला, सिस्टरना मेमो मिळाला. माझ्या दोन क्वेरींबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. अपलोडची मुदत संध्याकाळी पाचऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत झाली.

त्यानंतर सहाच्या नोंदी सहा दहाला, सहा पंचवीसला, कधी पावणेसातला येऊ लागल्या. आकडेही रोज वेगळे. आमच्या ऑफिसात कुणीतरी तक्रार केली की या हॉस्पिटलचा डेटा अलीकडे फार गबाळा येतो. मी तो पास करत गेले.