पुसट राहिलेली ओळ

ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की मला लातूर आठवतं. जिल्हा नवाच झाला होता आणि दुष्काळ पडला होता. फळा पुसायलाही पाणी नव्हतं. कोरड्या डस्टरखाली जुनी अक्षरं पुसट उरायची.

तेव्हा एका दुपारी मी गणिताच्या प्रबंधासाठी मला मार्गदर्शन करणाऱ्या सरांना फळ्यावर सिद्धता दाखवली: दोन उपगट संयुग्मी आहेत, म्हणजे गटातलाच एक घटक एकाला दुसऱ्यावर नेतो. सरांनी मागच्या आठवड्यातल्या, माझ्याच अक्षरातल्या पुसट ओळीवर बोट ठेवलं: फक्त स्थानिक क्षेत्रात. संख्यांचं ते क्षेत्र, नाव स्थानिक असलं तरी, आमच्या मूळ क्षेत्राहून मोठं; घटक तिथेच मिळतो ही अट मी विसरले होते.

"तुझा घटक मोठ्या क्षेत्रात हाय, पोरी. इथं न्हाई. धरणात पाणी हाय, आपल्या नळाला न्हाई, तसं."

दोन वर्षांचं काम गेलं म्हणून मी तेव्हा रडले. आता वाटतं, पाऊस झाला असता तर फळा ओल्या फडक्याने पुसला असता, ती ओळ धुतली गेली असती आणि माझी चूक प्रबंधात छापली गेली असती.