वहिनीच्या पानावर न आलेली मराठी

हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. जिच्याशी मी असा वागलो तिला परवा सांगितलं — म्हणून आता तुम्हालाही सांगायचा धीर होतोय.

माझी वहिनी काष्टीत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तिला मराठीतून बीजगणिताचं पुस्तक करायचं होतं, कांद्याच्या गोणी आणि टेम्पोच्या खेपांची उदाहरणं घालून. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे अपूर्णांक इकडेतिकडे पळायचे. कुठल्याशा प्रशिक्षणात तिनं लाटेकचं नाव ऐकलं — त्यात कोडमध्ये सूचना लिहायच्या, की सूत्रं छापील पुस्तकासारखी बसतात. तिनं मला विचारलं. मलाच का? नागापूरच्या कारखान्यात मी कम्प्युटरवर बसतो, म्हणजे घरातला हुशार मीच ना!

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. लॅपटॉपवर लाटेक घेतलं, तिचा एक धडा त्यात घातला. पान आलं — सूत्रं सुबक, आणि मराठी गायब! वाक्यांच्या जागी नुसता पांढरा कागद, मध्येच एखादं बरोबरचं चिन्ह.

मी फोन करून सांगितलं, त्यात मराठी होतच नाही.

"तुमी सांगताय म्हंजे न्हाईच व्हणार, भावजी," ती म्हणाली.

इथंच थांबलं असतं तर? तर ते अज्ञान होतं. पण आठवड्याभरानं मला कळलं — फाईलच्या सुरुवातीला मराठी फॉन्टचं नाव सांगणारी ओळ राहिली होती. एक ओळ! ती लिहिली, आणि सगळी मराठी पानावर आली. मी लॅपटॉप मिटला. एवढं ठासून सांगितल्यावर चुकलो कसं म्हणायचं? मला लाज वाटली, आणि मी गप्प बसलो.

तिनं धडे ट्रंकेत ठेवून दिले. दोन दिवाळ्या मी तिच्या हातचे लाडू खाल्ले. कुणी पुस्तकाचं विचारलं की ती सांगायची, "भावजींनी बगितलं, त्यात व्हत न्हाई." मी मान हलवायचो — हो, मान हलवायचो.

परवा लॅपटॉप घेऊन गेलो. सगळं सांगितलं.

"तवाच कळलं हुतं तुमाला?"

"हो."

आख्खं पुस्तक मी जुळवून देतो, असंही म्हणालो. भरपाई करायला निघालो होतो, दुसरं काय?

"सरका जरा," ती म्हणाली.

मी खुर्ची सोडली. तिनं ती ओळ एकेक अक्षर शोधत लिहिली. कंस राहिला, लॅपटॉपनं चूक दाखवली; तिनं कंस घातला, पुन्हा बटण दाबलं. पान आलं — वर धड्याचं नाव, त्याखाली तिचं नाव, मग पहिलं मराठी वाक्य. ती हसली, पानाकडे बघून. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग उरलेले धडे काढायला ट्रंकेकडे गेली.

मी तिथंच उभा होतो.