आतून शिवलेली पेशी

शाळेत तिला सगळे टाकेबाई म्हणत. हजेरीपटावर तिचा हुद्दा 'शिवणकाम व किरकोळ दुरुस्ती' असा लिहिलेला होता आणि एकवीस वर्षांत त्यातलं किरकोळ काही संपायचं नाव घेत नव्हतं. अंध मुलींची निवासी शाळा ती. नव्वद मुली म्हणजे नव्वद गणवेश, नव्वद उशा आणि कुठे ना कुठे अडकून रोज फाटणारे खिसे. जिन्याखालच्या लांबट खोलीत तिचं मशीन, चिंध्यांच्या गाठोड्यांनी भरलेलं एक कपाट आणि एक खिडकी. बाई तोंडानं तिखट होती, पण मुली तिला मावशी म्हणत आणि मधल्या सुट्टीत तिच्याच खोलीत गर्दी करत.

तिचं शिक्षण आठवीपर्यंतचं. तरी शाळेतले निम्मे धडे तिच्या हाताखालून जात. झालं असं, की भूगोलाच्या बाईंनी एकदा डोंगर समजावता समजावता हात टेकले. टाकेबाईनं जाड लोकरी कापडाच्या घड्या घालून डोंगर शिवला आणि त्यावरून सुतळीची नदी खाली सोडली. तेव्हापासून कुठल्याही बाईंचं घोडं अडलं, की प्रकरण जिन्याखाली येई. तिनं ज्वालामुखी शिवला, हृदय शिवलं, एकदा तर अपूर्णांकसुद्धा शिवले. अपूर्णांक तिला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पेशी शिवली ती सहा वर्षांपूर्वी. शास्त्राच्या बाईंनी पुस्तकातली आकृती पुढे ठेवली आणि तिनं ती जशीच्या तशी पुठ्ठ्यावर उतरवली. ताटलीएवढा गोल, कडेला जाड दोरी, मधोमध मखमलीचं केंद्रक, आजूबाजूला सॅटिन, कॅनव्हास, मण्यांच्या ओळी. दिसायला इतकी देखणी, की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्यागेल्या पाहुण्यांना ती आवर्जून दाखवत. पाहुणे 'वा वा' करत. ज्यांच्यासाठी ती शिवली होती त्यांना 'देखणी'चा काय उपयोग, हा विचार सहा वर्षं कुणाच्याच डोक्यात आला नाही.

तो आणला प्रश्नपत्रिकेनं. प्रश्नपत्रिका हे आठवीतल्या एका मुलीचं टोपणनाव. का पडलं ते तिच्याशी पाच मिनिटं बोललं की कळे. जन्मापासून दृष्टी नाही, आवाज फाटका आणि प्रश्न संपता संपत नाहीत. त्या शाळेत नववीपासून मुलींना शास्त्राऐवजी संगीत घ्यायची सवलत होती. सवलत अशी, की ती नको म्हणायची सोय नव्हती. सूर कशाशी खातात हे माहीत नसलेल्या मुलीही निमूटपणे पेटीपुढे जाऊन बसत. प्रश्नपत्रिकेनं मात्र अर्ज केला, की मला शास्त्र हवं आहे. अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि कचेरीनं एक तपासनीस पाठवला.

तपासनीस वयस्क, मोजकं बोलणारे. त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, की पेशी कशी असते ते सांग.

मुलीनं अजिबात न अडखळता सांगितलं, "चपटी असते. गोल, ताटलीसारखी. कडेनं दोरीएवढी जाड भिंत असते आणि वरून उघडी असते."

तपासनिसांनी वहीत लिहिलं, 'मूलभूत संकल्पना स्पष्ट नाहीत', आणि ते चहाही न घेता गेले.

त्याच दिवशी दुपारी मुलगी जिन्याखाली आली. रडलेली होती, पण रडणं उरकून आली होती.

"मावशी, मी चुकीचं काय सांगितलं? तुमच्या पेशीवरून मी शंभरदा हात फिरवलाय. तशीच आहे ती."

"तशीच आहे बाळ."

"मग? मला तर कधीपासून विचारायचं होतं, वरून उघडी आहे तर आतलं सांडत कसं नाही?"

टाकेबाईच्या हातातली सुई थांबली. ती तशीच उठली, वर्गात जाऊन शास्त्राचं पुस्तक घेऊन आली आणि ती आकृती पुन्हा नीट पाहिली. लिंबू कापून अर्धं समोर ठेवावं, तशी ती पेशी कापून दाखवलेली होती. डोळस माणसाला हे सांगावं लागत नाही. तो उरलेलं अर्धं लिंबू मनात आपोआप जोडून घेतो. तिनंही जोडलं होतं, शास्त्राच्या बाईंनीही जोडलं होतं. मुलींच्या हाती मात्र तिनं कापलेलं अर्धंच दिलं होतं आणि हीच अख्खी पेशी म्हणून सांगितलं होतं. आतापर्यंत किती मुली ही ताटली डोक्यात घेऊन शाळेतून बाहेर पडल्या असतील, ते मोजायला गेली तेव्हा तिला घाम फुटला.

ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"पोरगी चुकली नाही. मी दिलं तेच तिनं सांगितलं. चूक माझी आहे, तसं लिहून द्या त्या साहेबांना."

शास्त्राच्या बाई तिथेच होत्या. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "माझीपण लिहा."

मोठ्या बाईंनी पत्र पाठवलं. उत्तर आलं: पंधरा दिवसांनी पुन्हा येईन, त्यानंतर नाही.

मग टाकेबाईनं कंबर कसली. रोज शाळा सुटल्यावर शास्त्राच्या बाईंना ती समोरच्या स्टुलावर बसवून घेई. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीनं सुरुवात केली, की हे निळं ते अमुक, हे पिवळं ते तमुक.

"रंग सोडा," टाकेबाई म्हणाली. "प्रत्येकाचं काम काय ते सांगा. कापड मी ठरवते."

बाईंनी सांगितलं, की पेशीच्या भोवती प्रद्रव्यपटल असतं, पातळ, दोन थरांचं. त्यातून हवं ते आत येतं, नको ते बाहेर जातं, वाटेल ते मात्र घुसू शकत नाही. टाकेबाईनं दोन मऊ अस्तरं पाठीला पाठ लावून जोडली आणि त्यात जागोजागी वेगवेगळ्या मापांची काजं केली. लहान मणी लहान काजातून जाई, मोठा अडे. बाईंनी स्वतः मणी सरकवून पाहिला आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

तंतुकणिकेपाशी मात्र बाईच अडल्या. पेशीला लागणारी ऊर्जा तिथे तयार होते, तिचं आतलं आवरण घड्याघड्यांचं असतं, हे त्या वर्षानुवर्षं शिकवत होत्या. घड्या कशाला, हे नीट शब्दांत येईना.

"चुण्या आहेत त्या," टाकेबाई म्हणाली. "जागा वीतभर, कापड दोन हात. काम त्या कापडावर होत असणार, म्हणून जास्तीचं कापड कोंबलंय."

"बरोबर! क्षेत्रफळ वाढतं."

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

अशी एकेक वस्तू झाली. केंद्रकाला दुहेरी कापडाची भोकाभोकांची पिशवी, आत आवळून गुंडाळलेला लांबच लांब दोरा. पेशीनं काय काय बनवायचं त्याची सगळी माहिती त्या दोऱ्यात. केंद्रकाला लागून दुमडत गेलेली झालर, ती आंतर्द्रव्यजालिका, आणि तिच्यावर खरखरीत मणी, ते रायबोसोम. तिथे प्रथिनं तयार होतात. जवळच एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, गॉल्गी संकुल. तयार झालेला माल तिथे नीटनेटका होऊन बांधला जातो आणि ज्याच्या त्याच्या पत्त्यावर निघतो. टणक गोळीसारख्या लहान पिशव्या, त्या लयकारिका. कचरा पचवून टाकणाऱ्या. सगळ्या मोकळ्या जागेत पेशीद्रव्य म्हणून तिनं स्पंजचा मऊ चुरा भरला. प्रत्येक भाग आतून पक्का शिवला आणि मग अख्खी पेशी उशीसारखी बंद केली. हात आत जाईल एवढी एकच फट ठेवली, तीही बटणांची.

घरी नवऱ्यावर प्रयोग झाला. नवरा बसवरचा कंडक्टर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, बोलायला कुणी मिळालं की सोडायचा नाही. तिनं त्याला डोळे मिटायला लावून हात आत घालायला सांगितला.

"अगं, हे गिळगिळीत काय आहे? चावणार नाही ना?"

"अहो, वाह्यातपणा नको. ही काजं कशाला असतील सांगा."

तिनं काम समजावलं तसा तो खूश झाला. "म्हणजे माझंच काम की! दारात उभं राहायचं. तिकीट असेल तो आत, नसेल तो खाली. आणि गर्दी झाली की पुढे सरका, पुढे सरका."

"आत कुणी ओरडत नाही तुमच्यासारखं."

"मग बस चालते कशी?" तो म्हणाला आणि हात आतच ठेवून बराच वेळ चाचपत राहिला.

मुलीला पेशी मिळाली तेव्हा सात दिवस उरले होते. पहिल्या दिवशी तिनं ती फक्त बाहेरून धरली, दोन्ही तळव्यांत फिरवली आणि म्हणाली, "बंद आहे. सगळीकडून बंद आहे!" टाकेबाईला हुंदका आला. तो तिनं खोकल्यात लपवला, पण आंधळ्या पोरीपासून आवाज लपवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. मुलीनं तिचा हात शोधून धरला आणि मग आणखी अकरा प्रश्न विचारले.

ठरल्या दिवशी तपासनीस आले. खोलीत मोठ्या बाई, शास्त्राच्या बाई, टेबलावर पेशी, टेबलापाशी मुलगी. बटणं तुटलीबिटली तर असू दे, म्हणून टाकेबाईला दाराजवळच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली होती. तिनं सुईत दोरा ओवून ठेवला होता. आज ही पोरगी पुन्हा नापास झाली, तर ती जन्मभर शास्त्राच्या वाटेला जाणार नाही, आणि त्याचं कारण आपण शिवलेली एक ताटली असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मुलगी बोलत गेली. तपासनीस मध्येच थांबवून विचारत, घड्या कशाला? भोकं कशाला? दोरा एवढा लांब का? ती सांगत होती, पाठ केल्यासारखं नाही, हातानं आत शोधत शोधत. एकदा तपासनिसांनीही चष्मा काढून, डोळे मिटून हात आत घातला आणि म्हणाले, "ही लयकारिका."

"नाही सर, ते केंद्रक आहे. लयकारिका लहान असते."

मोठ्या बाईंनी घाबरून पदर सावरला. तपासनिसांनी हात काढला, चष्मा लावला.

"शेवटचा प्रश्न. या मॉडेलमध्ये काही चूक आहे का?"

मुलीनं हात पेशीतून बाहेर काढला. मग म्हणाली, "मावशी दारापाशी बसल्यात हे मला माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आहे."

टाकेबाईनं सुई पदराला टोचून ठेवली.

"आत सगळं जागच्या जागी शिवून टाकलंय. खऱ्या पेशीत असं कुणी बसून राहत नाही. पेशीद्रव्य फिरत असतं, त्यातून बाकीचे हलतात, पिशव्या माल घेऊन इकडून तिकडे जातात. ही पेशी मेलेली आहे, सर."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"पेशीद्रव्य फिरतं हे बाईंनी. बाकीचं माझं मला कळलं. हात घातला की रोज सगळं तिथंच सापडतं. जिवंत असती तर शोधावं लागलं असतं."

तपासनिसांनी वही उघडली आणि तिला दिसणार नाही म्हणून लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "विद्यार्थिनीस शास्त्र हा विषय घेऊ द्यावा. संगीताची सक्ती करू नये." या वेळी ते चहा घेऊन गेले.

टाकेबाईला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम. एकवीस वर्षांत तिच्या पक्क्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. सैल काम म्हणजे तिच्या लेखी लबाडी. आणि या कार्टीनं भर सभेत सांगितलं, की पक्कं आहे हीच चूक. पण पोरीला आपण शिवलं त्याच्या पलीकडचं कळलं होतं, आणि हे लक्षात आलं तेव्हा राग आपोआप विरला. मग मात्र तिनं खोकल्याची सबब शोधली नाही, सरळ रडून घेतलं.

दुपारी दोघी जिन्याखाली बसल्या. मुलीनं पेशी मांडीवर घट्ट धरली आणि टाकेबाई लहान कात्रीनं आतले टाके एकेक करून उसवू लागली. हरवू नये म्हणून तिनं प्रत्येक भागाला वीतभर दोरा तेवढा ठेवला.

"केंद्रकाचेपण?" मुलीनं विचारलं.

"त्याचेपण. थोडे."

बटणं लावून झाल्यावर टाकेबाईनं पेशी दोन्ही हातांनी हलवली आणि मुलीपुढे धरली. मुलीनं हात आत घातला, चाचपडली, थांबली, हसली. या वेळी तिला तंतुकणिका सापडायला बराच वेळ लागला.