सासऱ्यांनी खाली ठेवलेली चकली

सुधीरकाकांचा अपमान झाला मी आठवीत असताना, अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या दिवाळी पार्टीत. आज चकलीचा खमंग वास आला आणि संताप पुन्हा उसळला.

काका सासऱ्यांच्या घरी राहायचे. म्हाताऱ्यांचे हात थरथरायचे, म्हणून पार्टीत काका त्यांना चकली मोडून देत होते.

"काय घरजावई, आजही ड्यूटी?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"फुल टाइम जॉब आहे यार," काका म्हणाले. सासऱ्यांनी मात्र चकलीचा तुकडा न खाताच खाली ठेवला.

पुढे मी कॉलेजात शिकले, जुन्या जपानात मुलगा नसलेली घरं जावयालाच दत्तक घ्यायची, आडनाव आणि कारभार त्याच्या हाती द्यायची. आपण काय देतो? टोमणा.

यंदा तुमच्या घरी कुणी तो मारला, तर हसू नका. त्याला तिथेच, सासऱ्यांसमोर, माफी मागायला लावा.