ठशाशेजारी ठेवलेला हात

विदर्भातल्या जंगलांवर मी प्रवाशांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले आहे. पाणवठे, पाखरे, कोणत्या महिन्यात कोणते झाड पाहावे—सगळे त्यात आहे. एक सकाळ मात्र नाही. ती मी पत्नीलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतो आहे? मला नीट ठाऊक नाही.

लिहायला लागलो तो साठी उलटल्यावर. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात नोकरी संपली. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडे. कागदावर तसे होत नसे. ऐकीव काही लिहायचे नाही, स्वतः अनुभवले तेच लिहायचे, असा माझा आग्रह होता. आग्रह—की हाव?

जंगल नागपूरपासून दोन तासांवरचे. मे महिना होता. तिथे गाइड निवडता येत नाही. यादीत ज्याचा नंबर, तो जिप्सीत बसतो. त्या सकाळी नंबर मंदाताईंचा होता. गेटजवळच्याच गावच्या, चाळिशीच्या, बोलक्या. मोहाची तांबूस पालवी, कुलूची पांढरीफटक खोडे, सुसरीच्या पाठीसारखी ऐनाची साल—सारे त्यांनी दाखवले. मी वहीत भराभर उतरवत होतो. “सर, थोडं वरतंबी पाहा. जंगल काय वहीत हाय?” त्या म्हणाल्या. ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

पुढे कोरड्या नाल्यापाशी धुळीत वाघिणीच्या पंजाचा ताजा ठसा होता. त्याचे माप मला हवे होते. खरे सांगू? माप गाडीतूनही अंदाजाने लिहिता आले असते. मला वाक्य हवे होते—‘मी माझा हात त्या ठशाशेजारी ठेवला.’

मी दाराकडे सरकलो.

“उतरू नका सर,” मंदाताई म्हणाल्या. “वाघीण एखाद्या वक्ती तुमाले सोडून देईन. फारेस्टचे साहेब मले नाही सोडनार.”

मी दार उघडले. त्यांनी माझी बाही धरली. “सर, माहा नंबर जाईन ना!”

बाही सोडवून घेऊन मी उतरलो. धुळीत बसलो, हात ठेवला. तेवढ्यात वळणावरून दुसरी गाडी आली, आणि तिच्यातल्या कोणीतरी माझा फोटो काढला.

आमच्या आधी तो फोटो गेटवर पोचला होता. गाइड आणि ड्रायव्हर एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून अशा वेळी पर्यटकाचेच म्हणणे लिहून घ्यायचे, ही तिथली रीत. साहेबांनी मला खुर्ची दिली. मंदाताई दाराशी उभ्या होत्या. साहेबांनी विचारले, गाइडने तुम्हाला अडवले नाही का?

प्रश्न साधा होता. ‘अडवले’ एवढेच म्हणायचे होते. पण मग दोष माझा ठरला असता, माझा प्रवेश बंद झाला असता आणि पुस्तक अर्धे राहिले असते. हे सगळे मी शांतपणे पाहिले—त्या क्षणी घसाही कोरडा पडला नव्हता. मी म्हणालो, “नाही. त्या काही बोलल्या नाहीत.”

खाली सही केली. मास्तरची सही, वळणदार.

मंदाताई ओरडतील असे वाटले होते. त्या हळू म्हणाल्या, “काहून सर?” मी पेनाचे टोपण लावत राहिलो.

पुस्तक निघाले. हाताचे वाक्य मी भीतीने गाळले. उलट प्रवाशांसाठीच्या सूचनांत पहिलीच सूचना लिहिली—गाडीतून खाली उतरू नये, गाइडचे ऐकावे. वाचक त्या पानाचे कौतुक करतात. मी धन्यवाद म्हणतो.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. गाइड नवा होता. पूर्वी इथे एक बाई होत्या ना, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले.

“मंदाबाई? तिचं नाव काटलं ना यादीतून. कोन्या सरानं लिहून देल्लं म्हने, थे काही बोललीच नाही. थे अन् चूप बसनार?” तो हसला. “तिकडं काटोलकडं संत्रे तोडाले जाते आता. पाखरू दिसलं का काम सोडून बायाइले नाव सांगत बसते म्हने. तुमी वळखत होते काय तिले?”

“नाही,” मी म्हणालो.

या वेळी समोर साहेब नव्हते. प्रवेश बंद होणार नव्हता, पुस्तकही छापून झाले होते. मग कशासाठी? याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते फार लहान आहे—त्या गाइडच्या नजरेत मला ‘सर’च राहायचे होते.

माझे म्हणणे लिहिलेला तो कागद अजून त्या कार्यालयात असेल. मी तो बदलायला गेलेलो नाही. मंदाताईंच्या घरीही गेलो नाही. त्यांचे गाव गेटपासून पायी दहा मिनिटांवर आहे.