थोरलीच्या पोटातला आकडा

आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरला सगळे थोरली म्हणतात. मी सवत म्हणते. तोंडावर नाही, मनातल्या मनात.

ह्यांचं काम म्हणजे कंपनीचा सी भाषेतला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर चालवून बघणं. नव्या प्रोग्रॅममध्ये आकडे भलतेच मोठे होते. ते जुन्या मशीनना पेलतात का, हे एकेकीवर तपासायचं होतं. मशीनच्या माहितीपुस्तकावर ह्यांचा विश्वास नाही. "तिलाच विचारू," म्हणतात. मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही. भाजी कुठली करतेस, एवढंसुद्धा नाही.

थोरली नापास झाली की भंगारात जाणार, तिची ऑफिसातली खोली बंद, आणि हे निवृत्त. पास झाली तर ह्यांना दोन वर्षं मुदतवाढ. निवृत्तीनंतर राहायला यावं म्हणून मुलीनं तिच्या घरातली वरची खोली आमच्यासाठी रंगवून ठेवली होती. मला जायचंय असं मी बोलून दाखवलं नव्हतं. पण ह्यांना कळायला नको? मी आपली थोरलीच्या वाईटावर टपून बसले होते.

तपासणीच्या दिवशी हे चष्मा घरी विसरले, तो द्यायला मी गेले. हे मऊ फडक्यानं तिचा कीबोर्ड पुसत होते. घरी कधी फडकं हातात धरतील तर शपथ! प्रोग्रॅम तिनं मुकाट्यानं घेतला, एकही चूक दाखवली नाही. म्हणजे पास होते की काय ही! मग ह्यांनी मोठा आकडा पडद्यावर छापायला सांगितला, तर अर्धवट, भलतंच काहीतरी आलं.

"झाली की नापास! कळवून टाका साहेबांना," मी म्हणाले. आनंद काही लपेना.

"थांब गं जरा." ह्यांनी त्याच आकड्याला भागून बघितलं. उत्तर लहान, तिला छापता येईल असं आलं, आणि अगदी अचूक. ह्यांचा चेहरा असा खुलला, की आमच्या लग्नातही एवढा खुलला नसेल.

"बघ! आकडा पोटात अख्खा आहे हिच्या. फक्त ओठांवर येत नाहीये. तुकडे करून छापला की झालं."

तुकडे केले, छापले. थोरली पास.

बसमध्ये हे तिच्याबद्दलच बोलत होते. "बिचारीला सांगता येत नव्हतं गं, म्हणून लोक तिला भंगारात काढणार होते. जरा थांबून बघायला हवं ना कुणीतरी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले. तू का बोलत नाहीस, असं आता तरी विचारतील म्हणून वाट बघितली. आमचा स्टॉप आला.

"चल, उतर," हे म्हणाले.